परवाना आहे, पण या विमानाचा नाही : टाइप रेटिंग म्हणजे नेमके काय?

घाटकोपरच्या एखाद्या गच्चीवर संध्याकाळी अर्धा तास उभे राहिले, तर मुंबईच्या मुख्य धावपट्टीकडे उतरत जाणारी विमाने एकामागोमाग एक डोक्यावरून जाताना दिसतात. त्यांतले एअरबस ए-३२० कोणते आणि बोईंग ७३७ कोणते, हे सवय नसलेल्या माणसाला चटकन सांगता येत नाही. दोन्हींना पंखांखाली दोन इंजिने असतात, दोन्हींत साधारण सारखेच प्रवासी बसतात आणि दोन्ही चालवायला दोनच वैमानिक लागतात. असे असूनही ७३७ वर दहा हजार तास उड्डाण केलेल्या कॅप्टनला ए-३२० च्या कॉकपिटमध्ये प्रवासी घेऊन उडण्यासाठी बसता येत नाही, आणि ते कंपनीच्या नियमामुळे नव्हे, तर कायद्यामुळे. १७ एप्रिल २०१९ रोजी मुंबईत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजची उड्डाणे थांबली, तेव्हा केसांत रुपेरी छटा आलेले अनेक वैमानिक पुन्हा विद्यार्थ्यासारखे वर्गात जाऊन बसले, त्याचे कारण हेच होते. त्यांच्या ताफ्यात ७३७ विमाने बहुसंख्येने होती आणि नोकऱ्या प्रामुख्याने ए-३२० वर होत्या.

या बंधनाचे नाव टाइप रेटिंग. मराठीत त्याला ‘विशिष्ट विमानप्रकारासाठीची पात्रता’ म्हणता येईल, पण या क्षेत्रातली माणसे ‘रेटिंग’ किंवा ‘टाइप’ एवढेच म्हणतात. ‘माझा टाइप झाला’ हे वाक्य विलेपार्ले-अंधेरीच्या भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या नव्या वैमानिकांच्या तोंडी इतक्या वेळा ऐकू येते, की बाहेरच्या माणसाला टायपिंगची परीक्षा झाली असे वाटावे.

परवाना आणि रेटिंग या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घ्यावे लागते. भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, मिळवण्यासाठी किमान अठरा वर्षे वय, पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी, हवाई दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचे तांत्रिक ज्ञान या विषयांच्या लेखी परीक्षा आणि किमान २०० तासांचे उड्डाण लागते. धुळे, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी ही मुले शिकतात. मुंबईत जुहूला १९२८ मध्ये सुरू झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लबही आता उड्डाणाचे प्रशिक्षण धुळ्यालाच देतो, कारण मुंबईच्या आकाशात शिकाऊ विमानाला जागा उरलेली नाही. मात्र हे २०० तास बहुतांशी सेस्ना १७२ सारख्या लहान विमानावर झालेले असतात. भरलेल्या सेस्नाचे वजन टनाच्या थोडे वर जाते आणि ती ताशी १२० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने उतरायला येते. ए-३२० निओचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ७९ टन असते आणि उतरताना त्याचा वेग सेस्नाच्या दुपटीहून अधिक असतो. परवाना सांगतो, की या व्यक्तीला उडता येते. कोणते यंत्र उडवता येते, हे त्याच परवान्यावरची रेटिंगची नोंद सांगते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे इकाओच्या, पहिल्या परिशिष्टात याची चौकट दिलेली आहे. ज्या विमानाला किमान दोन वैमानिक आवश्यक म्हणून प्रमाणित केले आहे, अशा प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र रेटिंग हवे. हेलिकॉप्टरसाठीही सर्वसाधारणपणे तोच नियम आहे, त्यामुळे जुहूहून बॉम्बे हायच्या तेलफलाटांकडे माणसे नेणाऱ्या डॉफिन हेलिकॉप्टरचा वैमानिक उद्या दुसऱ्या बनावटीच्या हेलिकॉप्टरमध्ये सहज जाऊन बसू शकत नाही. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ही नोंद करते. आपल्याकडच्या लोकलच्या मोटरमनलाही नव्या मार्गावर एकट्याने गाडी नेण्याआधी तो मार्ग शिकावा लागतो; रेल्वेत त्याला ‘लर्निंग रोड’ म्हणतात. गाडी तीच, पण सिग्नल, वळणे आणि चढ-उतार अंगवळणी पडल्याशिवाय ती ताब्यात देत नाहीत. वैमानिकाच्या बाबतीत हे उलटे असते : आकाश तेच, धावपट्टीही तीच, पण हातातले यंत्र बदललेले असते.

यंत्र बदलले म्हणजे नेमके काय बदलते, हे या दोन विमानांच्या तुलनेत फार स्पष्ट दिसते. ७३७ मध्ये दोन्ही वैमानिकांसमोर मोठे दांडे असतात आणि ते एकमेकांशी जोडलेले असतात. एकाने दांडा ओढला की दुसऱ्याच्या मांड्यांपाशी तो हलतो. ए-३२० मध्ये समोर काहीच नसते. खिडकीच्या बाजूला हाताच्या मुठीएवढी साइडस्टिक असते आणि एका बाजूची हलली तरी दुसऱ्या बाजूची हलत नाही. ७३७ मध्ये स्वयंचलित यंत्रणा इंजिनाची ताकद कमी-जास्त करते, तेव्हा मधले लिव्हर प्रत्यक्ष पुढे-मागे सरकतात, त्यामुळे त्यांवर ठेवलेल्या हाताला इंजिने काय करत आहेत ते कळते. ए-३२० मध्ये लिव्हर एका खाचेत बसवले की उड्डाणभर तिथेच राहतात; ताकद बदलते, लिव्हर हलत नाही, आणि बदल पडद्यावर डोळ्यांनीच वाचावा लागतो. ७३७ चा वैमानिक नाकाचा तोल अंगठ्याखालच्या बटणाने सतत साधत असतो आणि शेजारचे चाक खडखडत फिरते. ए-३२० ते काम निमूटपणे स्वतः करते. बिघाड झाला तर ७३७ मध्ये पुस्तिका उघडून त्यातली यादी वाचावी लागते, तर ए-३२० च्या मधल्या पडद्यावर बिघाडाचे नाव आणि करायच्या कृती आपोआप उमटतात.

यांतले कोणते विमान चांगले, हा वाद वैमानिकांच्या खोल्यांत पिढ्यानपिढ्या चालेल आणि त्यात पडण्याचे आपल्याला कारण नाही. मुद्दा वेगळा आहे. हात एकदा बसला की तो विचार न करता चालतो, आणि नव्या विमानावर जाताना नवा हात बसवण्यापेक्षा जुना बसलेला हात उठवणे अधिक कठीण जाते. दहा हजार तासांच्या कॅप्टनला दोनशे तासांच्या पोरापेक्षा काही बाबतींत जास्त झगडावे लागते, ते यामुळेच. संकटाच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत डोक्याआधी हात बोलतो, आणि तो जुन्या विमानाची भाषा बोलण्याचा धोका असतो.

आपल्याकडे याचा फार कडू अनुभव आलेला आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ६०५ क्रमांकाचे उड्डाण बेंगळुरूच्या एचएएल विमानतळाच्या धावपट्टीआधीच, गोल्फच्या मैदानावर आदळले. विमानातल्या १४६ जणांपैकी ९२ जण मृत्युमुखी पडले. विमान ए-३२० होते आणि हा प्रकार कंपनीच्या ताफ्यात येऊन वर्षही झालेले नव्हते. डाव्या आसनावरच्या कॅप्टनची त्या उड्डाणात या प्रकारावरची तपासणी चालू होती आणि उजवीकडे तपासणी करणारे वरिष्ठ वैमानिक होते. म्हणजे दोघेही अनुभवी होते. विमान ज्या पद्धतीने खाली येत होते तिला ‘ओपन डिसेंट’ म्हणतात. या पद्धतीत इंजिने किमान ताकदीवर फिरत राहतात आणि वेग राखण्याचे काम नाक वर-खाली करून होते. उंची कमी करायची असताना ही पद्धत उत्तम, पण धावपट्टीजवळ आल्यावर उंची टिकवायला नाक वर धरले, तर वेग घसरतच जातो, कारण इंजिने मदतीला येत नाहीत. या पद्धतीतून बाहेर येण्याचा एक मार्ग म्हणजे दोन्ही वैमानिकांचे फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे नाक कुठे धरायचे ते पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रणा, बंद करणे. त्या दिवशी एक बंद झाला, दुसरा चालू राहिला. इंजिनांनी जोर धरला, पण तोपर्यंत जमीन आली होती. विमानात यांत्रिक बिघाड आढळला नाही. यंत्र सांगितलेले काम करत होते. ते कोणते काम करत आहे, हे कॉकपिटमध्ये वेळेवर उमगले नाही.

टाइप रेटिंगच्या अभ्यासक्रमात आज पडद्याच्या माथ्यावरची एक अरुंद पट्टी वाचायला सतत शिकवले जाते, त्यामागे असे अपघात आहेत. या पट्टीला एफएमए म्हणतात आणि स्वयंचलित यंत्रणा या क्षणी कोणत्या पद्धतीत आहे, ते तिच्यावर छोट्या संकेतांत लिहिलेले असते. त्यात बदल झाला की वैमानिकाने तो मोठ्याने वाचायचा, अशी शिस्त असते. ही गोष्ट ऐकायला बालवाडीतल्या पाढ्यांसारखी वाटते. पण लिव्हर हलत नसलेल्या विमानात डोळ्यांनी वाचून तोंडाने म्हटल्याखेरीज ती माहिती दुसऱ्या वैमानिकापर्यंत पोचत नाही.

आता प्रशिक्षण कसे होते ते पाहू. पहिला टप्पा जमिनीवरचा असतो. साधारण दोन ते तीन आठवडे संगणकावरचे धडे आणि वर्ग चालतात, ज्यांत विमानाची वीज, इंधन, हायड्रॉलिक्स, केबिनमधला हवेचा दाब, ब्रेक, उड्डाण-नियंत्रण अशा एकेका यंत्रणेचा अभ्यास होतो. शिवाय कामगिरीचे गणित असते : अमुक वजन, तमुक तापमान, ओली धावपट्टी, एवढा वारा, तर किती लांबी लागेल. यावर लेखी परीक्षा होते आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. हा भाग रूक्ष असला तरी अवघड नाही. पाठांतराची सवय असलेली आपली मुले तो सहसा पार करतात.

खरी तयारी मात्र कागदाच्या कॉकपिटवर होते. माझी भाची विलेपार्ल्याला राहत असताना तिच्या खोलीच्या भिंतीवर ए-३२० च्या कॉकपिटचे प्रत्यक्ष आकाराचे चित्र लावलेले होते. समोरचे पडदे भिंतीवर, मधला भाग दोन स्टुलांवर ठेवलेल्या पुठ्ठ्यावर, आणि डोक्यावरचे पॅनल माळ्याच्या फळीच्या खालच्या बाजूला चिकटवलेले. ती आणि तिच्याबरोबरची मुलगी जेवणाच्या दोन खुर्च्या शेजारी मांडून बसत आणि बॅटरीपासून इंजिन सुरू होईपर्यंतचा सगळा क्रम कागदावर बोटे ठेवत पुन्हा पुन्हा करत. मी एकदा चहा घेऊन आत गेलो, तर ती वर न पाहता म्हणाली, “मामा, थांब, इंजिन दोन सुरू होतंय.” मी कप हातात धरून तसाच उभा राहिलो. दोन महिन्यांनी त्या चित्रावरच्या काही बटणांचा रंग बोटांनी पुसून गेला होता आणि काही बटणे कोरी करकरीत होती. कोणती बटणे रोज लागतात आणि कोणती फक्त संकटात, याचा नकाशाच त्या कागदावर तयार झाला होता. या सरावाला कोणी ‘चेअर फ्लाइंग’ म्हणते. खर्च काही नाही, आणि मला वाटते, निम्मे टाइप रेटिंग तिथेच होते.

दुसरा टप्पा सिम्युलेटरचा. आधी स्थिर उपकरणावर, ज्यात पडदे स्पर्शाने चालतात पण खोली हलत नाही, कार्यपद्धतींचा सराव होतो. नंतर पूर्ण उड्डाण-सिम्युलेटर. बाहेरून पाहिले तर सहा पायांवर उभी असलेली पांढरी पेटी, आत शिरले तर अस्सल कॉकपिट. सर्वांत वरच्या, म्हणजे ‘डी’ पातळीच्या सिम्युलेटरमध्ये हालचाल, आवाज, खिडकीबाहेरचे दृश्य आणि दांड्याचा ताण हे सगळे खऱ्या विमानाशी ताडून पाहिलेले असते, इतके की अनुभवी वैमानिकांना पुढे सांगितल्याप्रमाणे काही परवानग्या केवळ त्याच्या आधारावर मिळतात. ही यंत्रे अतिशय महाग असल्याने ती दिवसरात्र चालतात. भाचीची काही सत्रे पहाटे दोन वाजता असत. साडेबाराला चर्चा, दोन ते सहा सिम्युलेटर, मग पुन्हा चुकांचा हिशेब. चार तासांच्या सत्रात दोन प्रशिक्षणार्थी असतात. दोन तास एक जण विमान चालवतो आणि दुसरा देखरेख करतो, मग भूमिका बदलतात. ‘देखरेख’ हा शब्द इथे मवाळ वाटेल, पण तो अभ्यासक्रमाचा अर्धा भाग आहे. रेडिओवर बोलणे, चेकलिस्ट वाचणे, चालवणाऱ्याची चूक वेळेत आणि स्पष्ट शब्दांत सांगणे, आणि वेळ आलीच तर ताबा घेणे, हे सारे त्यात येते. समोर आपल्या वडिलांच्या वयाचा कॅप्टन असताना ‘सर, वेग कमी आहे’ हे सांगायला आपल्याकडच्या मुलांना शिकवावेच लागते.

या सत्रांमध्ये एक सराव असा आहे, की ज्यावरून प्रशिक्षक माणूस ओळखतात : उड्डाण करताना, अगदी निर्णयवेगानंतर, एक इंजिन बंद पडणे. निर्णयवेगाला व्ही-वन म्हणतात. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे. विमान धावत असताना एका ठरावीक वेगापर्यंत थांबायचे ठरवले, तर उरलेल्या लांबीत ते थांबू शकते. त्यानंतर मात्र थांबण्याचा प्रयत्न केल्यास ते धावपट्टीबाहेर जाईल. हा वेग वजन, तापमान, वारा आणि धावपट्टी कोरडी आहे की ओली, यांवरून प्रत्येक उड्डाणासाठी आधीच काढून ठेवतात. तो गाठला की कॅप्टन लिव्हरवरचा हात काढून घेतो, म्हणजे घाबरून ताकद कमी करण्याचा मोहच राहू नये. आता समजा, व्ही-वननंतर दोन सेकंदांनी डावे इंजिन गेले. उजवे इंजिन पूर्ण ताकदीने ढकलत असते, त्यामुळे नाक झपाट्याने डावीकडे वळू लागते. वैमानिकाने उजव्या पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचे सुकाणू, दाबून विमान मधल्या रेषेवर धरायचे, नेहमीपेक्षा किंचित हळू नाक उचलायचे, ए-३२० वर साधारण साडेबारा अंशांच्या कोनावर स्थिर करायचे, विमान वर चढत आहे याची खात्री झाल्यावर चाके आत घ्यायची, आणि मग काहीही करायचे नाही.

हे ‘काहीही न करणे’ शिकवायला सर्वांत जास्त वेळ लागतो. धोक्याची घंटा वाजत असते, इशाऱ्याची अक्षरे उमटलेली असतात, पडद्यावर करायच्या कृतींची यादी आलेली असते, आणि तरीही जमिनीपासून ४०० फूट उंची येईपर्यंत, घंटा बंद करण्यापलीकडे, त्या यादीला हात लावायचा नाही. फक्त विमान उडवायचे. त्यानंतर कोणते इंजिन गेले ते दोघांनी मिळून ठरवायचे, एकाने लिव्हरवर हात ठेवायचा, दुसऱ्याने तो बरोबर असल्याचे तोंडाने सांगायचे, आणि मगच ते मागे ओढायचे. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत ट्रान्सएशिया कंपनीच्या एटीआर ७२ विमानाचे एक इंजिन उड्डाणानंतर लगेच निकामी झाले आणि घाईत चालू असलेले दुसरे इंजिन बंद केले गेले. विमान शहरातल्या नदीत कोसळले आणि ४३ जण दगावले. एका इंजिनावर ते विमान उडू शकत होते.

सत्रांमधले बाकीचे प्रसंगही असेच बेतलेले असतात : केबिनमधला दाब गेल्यावर तातडीने खाली उतरणे, समोरून येणाऱ्या विमानाचा इशारा मिळाल्यावर नियंत्रण कक्षाच्या सूचनेपेक्षा यंत्राच्या सूचनेला प्राधान्य देणे, वाऱ्याच्या अचानक बदलणाऱ्या झोतातून बाहेर पडणे, एक वैमानिक बेशुद्ध पडणे, एका इंजिनावर उतरताना ऐनवेळी पुन्हा वर जाणे. मुंबईत काम करणाऱ्यांसाठी पावसाळा हा स्वतंत्र धडा असतो. जून ते सप्टेंबरमध्ये ओली धावपट्टी, आडवा वारा आणि जेमतेम दिसणारे दिवे हे एकत्र येतात, आणि उतरणे न जमल्यास निःसंकोच परत वर जाण्याची सवय सिम्युलेटरमध्येच लावावी लागते. परत वर गेलेल्या विमानातले प्रवासी कुरकुरतात, पण ती कुरकुर चांगल्या प्रशिक्षणाची पावती समजावी.

शेवटी परीक्षकासमोर कौशल्य चाचणी होते. ती उत्तीर्ण झाल्यावरही नवख्या वैमानिकाला खऱ्या, रिकाम्या विमानात कमी वर्दळीच्या विमानतळावर ठरावीक संख्येने उतरणे आणि पुन्हा उड्डाण करणे करून दाखवावे लागते. मोठ्या विमानांचा पुरेसा अनुभव असलेल्यांना मात्र उच्च दर्जाच्या सिम्युलेटरच्या आधारे यातून सूट मिळू शकते. त्यांचे त्या प्रकारावरचे पहिले खरे उड्डाण प्रवाशांसहच होते. हे ऐकून दचकायचे कारण नाही, कारण शेजारी प्रशिक्षक कॅप्टन असतो. नवख्यांच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत मागच्या आसनावर तिसरा, पूर्ण पात्र वैमानिकही बसतो. अशा अनेक फेऱ्यांनंतर आणि शेवटच्या तपासणीनंतर त्याला ‘लाइनवर’, म्हणजे नियमित उड्डाणांवर, ‘सोडले’ जाते. तेही सह-वैमानिक म्हणूनच. कॅप्टन होण्यासाठी किमान १५०० तासांची अट असलेला वेगळा परवाना आणि त्या आसनाचे वेगळे प्रशिक्षण लागते. ए-३२० मध्ये उजव्या आसनावर साइडस्टिक उजव्या हातात असते. डाव्या आसनावर गेले की ती डाव्या हातात येते, म्हणजे पुन्हा एकदा हात बसवणे आले.

‘प्रकार’ कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हा या विषयातला सर्वांत नाजूक प्रश्न आहे. ए-३१८, ए-३१९, ए-३२० आणि ए-३२१ यांची कॉकपिट जवळपास सारखी असल्याने त्यांचे रेटिंग एकच आहे. फक्त लांबी-वजनातले फरक शिकावे लागतात. ए-३२० वरून मोठ्या ए-३३० वर जाणाऱ्यालाही पूर्ण अभ्यासक्रमाऐवजी छोटा अभ्यासक्रम पुरतो, कारण एअरबसने मुद्दाम कॉकपिटची ठेवण एकसारखी राखली. कंपन्यांना हे फार आवडते. प्रशिक्षणातला प्रत्येक दिवस म्हणजे पगार चालू आणि वैमानिक जमिनीवर. म्हणूनच नवे विमान ‘जुन्यासारखेच’ आहे असे म्हणण्याकडे विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा दोघांचाही कल असतो.

या ‘जुन्यासारखेच’ची किंमत दोनदा मोजावी लागली आहे. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थ गावाजवळ एक ७३७-४०० कोसळले आणि ४७ जण मरण पावले. डाव्या इंजिनाचे पाते तुटले होते, पण बंद केले गेले ते उजवे. कॉकपिटमध्ये धूर आला, तेव्हा ७३७ च्या जुन्या आवृत्त्यांवरच्या समजुतीने तो उजव्या इंजिनाकडून येत असावा असे वाटले. नव्या आवृत्तीत विमानाच्या आत हवा पुरवण्याची रचना बदललेली होती आणि इंजिनांची माहिती दाखवणारी उपकरणेही नव्या धाटणीची होती, ज्यांचा सराव त्या वैमानिकांना सिम्युलेटरवर मिळालेला नव्हता. दुसरा प्रसंग ताजा आहे. ७३७ मॅक्समध्ये नाक आपोआप खाली दाबणारी एमकॅस ही यंत्रणा होती. जुने ७३७ चालवणाऱ्यांना मॅक्ससाठी सिम्युलेटरची गरज नाही, टॅबलेटवरचा छोटा धडा पुरे, असे ठरले होते आणि त्या धड्यात एमकॅसचा उल्लेख नव्हता. एका मोठ्या अमेरिकी कंपनीशी बोईंगचा करारच असा होता, की सिम्युलेटर-प्रशिक्षण लागले तर प्रत्येक विमानामागे दहा लाख डॉलर सवलत द्यायची. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात मॅक्स कोसळले. एकूण ३४६ माणसे गेली. जगभर विमान जमिनीवर ठेवले गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेने बंदी उठवली, ती यंत्रणेत बदल करून आणि वैमानिकांना सिम्युलेटर-प्रशिक्षण सक्तीचे करून. भारताने ऑगस्ट २०२१ मध्ये परवानगी दिली. माझ्या मते दोष मुख्यतः यंत्राच्या रचनेचा होता, आणि तो प्रशिक्षणाच्या माथी मारू नये. पण चांगल्या सरावाने वैमानिकांच्या हाती निदान एक संधी आली असती.

खर्चाबद्दल पालक नेहमी विचारतात, म्हणून थोडक्यात. ए-३२० चे रेटिंग स्वतःच्या पैशाने करायचे तर पंधरा लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक रक्कम लागते, आणि ती सीपीएलवर आधीच झालेल्या मोठ्या खर्चाच्या वरची असते. भाचीच्या ओळखीच्या एकाने घर गहाण ठेवून, हातात नोकरी नसताना, रेटिंग घेतले. ज्या संस्थेने ‘लगेच भरती आहे’ म्हणून सांगितले होते, तिने नंतर फोन उचलणे बंद केले. वर्षभराने त्याला पुन्हा सिम्युलेटरचे पैसे भरून उजळणी करावी लागली, कारण हात बसतो तसा उतरतोही. कोणत्या कंपनीत, कोणत्या विमानावर जायचे हे ठरण्याआधी टाइप विकत घेऊ नये, असे मला वाटते. कंपनीने विमान बदलले, तर कागदावरचे ते अक्षर तसेच पडून राहते.

रेटिंग एकदा मिळाले की कायमचे, असेही नाही. प्रत्येक वैमानिकाची साधारण दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर तपासणी होते आणि तिच्यात व्ही-वननंतर इंजिन जाणे असतेच. मागच्या ९० दिवसांत त्या प्रकारावर किमान तीन उड्डाणे आणि तीन उतरणी झालेली नसतील, तर प्रवासी घेऊन जाता येत नाही. २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत सेवा बंद राहिली आणि २५ मे रोजी ती तुरळक सुरू झाली, तेव्हा ही अट अनेकांच्या बाबतीत मोडत आली होती, आणि मुंबईच्या धावपट्टीकडेला विमाने रांगेने उभी असताना वैमानिक तीन उतरणी करण्यासाठी सिम्युलेटरच्या पेटीत जाऊन बसत होते. भाचीची पाळी पहाटे चारला आली. आदल्या रात्री तिने माळ्यावरून गुंडाळी काढून भिंतीवर पुन्हा तो कागद लावला आणि एकच खुर्ची मांडली, कारण शेजारची मुलगी गावी अडकली होती. तिच्या वाटणीच्या चेकलिस्ट मी वाचल्या.